चौथं वचन

"तिसरं झालं. आता तुमचं," म्हणून सिस्टर आमालीनं कोपरानं ढोसलं. सिस्टर रेगीनेला ढोसायची काही गरज नव्हती. ती सकाळपासून याच घटकेची वाट बघत होती.

दर गुरुवारी दुपारी तीन वाजता, कॉफीच्या आधी, म्हाताऱ्या सिस्टरांच्या या विसाव्याच्या घरात सगळ्याजणी लांब टेबलाभोवती बसायच्या आणि शुभवर्तमानाचा एक अध्याय ओळीनं वाचायच्या. प्रत्येकीनं एक वचन. सुरुवात पाळकसाहेबांच्या उजव्या हाताकडून व्हायची. आज योहानाचा पाचवा अध्याय होता. रेगीनेनं खुर्च्या मोजल्या, आपल्या वाट्याला सहावं वचन येतंय हे बघितलं आणि "माझ्या गुडघ्याला तिथलं ऊन बरं लागेल हो" असं सांगून चौथ्या खुर्चीवरच्या बाईला उठवलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं शाळेतल्या मुलीसारखी लबाडी करावी, पण केली खरी.

तिनं पुस्तकात बघितलंही नाही. पुस्तकं नवी होती, मोठ्या टायपातली, ईस्टरला भेट म्हणून आलेली. तिनं डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले आणि खड्या आवाजात म्हटलं, की प्रभूचा दूत वेळोवेळी त्या तळ्यात उतरे आणि पाणी हलवी, आणि पाणी हलल्यावर जो कोणी सर्वांत आधी आत उतरे तो बरा होई, मग त्याचं दुखणं कुठलंही असो.

झालं. आता पाचवं यायला हवं होतं. ते वाचायचं होतं सिस्टर फ्रीडानं. फ्रीडाला कानानं ऐकू येत नसे, ओठांवरून ओळखायची, पण नजर घारीसारखी. ती पानावर बोट ठेवून बसली होती.

"तुम्ही कुठलं वाचलंत?" ती ओरडलीच. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही.

"चौथं. दुसरं कुठलं वाचणार?"

"चौथं कुठाय इथे? तीन झालं की पाच. बघा की!"

"काहीतरीच काय?"

"अहो, मला ऐकू येत नाही, दिसतं चांगलं. चौथं नाहीये."

तेरा जणींनी तेरा पुस्तकांत डोकी घातली. चष्मे पुढेमागे झाले. आणि खरंच, तीनचा आकडा होता, पाचचा आकडा होता, आणि मध्ये काही नव्हतं.

"छापायचं राहिलं असेल," आमाली म्हणाली. "हल्ली कुणाचं कामात लक्ष असतं का? आमच्या वेळी असं काही झालं असतं ना, तर छापणाऱ्याला रविवारी देवळात तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

"परत पाठवा," फ्रीडानं निकाल दिला. "एक बटण तुटलेलं असलं तर आपण सदरा परत पाठवतो. हे तर बायबल आहे!"

हसू पिकलं. पाळक ब्रेनर हसले नाहीत. एकोणतिसाव्या वर्षी माणूस जेवढा गंभीर असू शकतो तेवढे ते होते. ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात धर्मशास्त्र शिकून आले होते, अजून गालावर नीट दाढी येत नव्हती, आणि या आल्बच्या डोंगरावर, तेरा म्हाताऱ्यांच्या तावडीत सापडले होते. त्यांनी घसा साफ केला.

"छापायचं राहिलेलं नाही, सिस्टर. मुद्दामच काढलंय ते. खाली बघा, बारीक अक्षरात टीप आहे."

आणि मग त्यांनी समजावून सांगितलं. वाईट सांगितलं असंही नाही, अगदी सोपं करून सांगितलं. जुन्यात जुन्या ज्या हस्तलिखित प्रती आज सापडल्या आहेत त्यांच्यात हे वचन नाही. पूर्वी छापखाना नव्हता, लेखनिक एका प्रतीवरून दुसरी उतरवून काढायचे. अशाच कुणा लेखनिकाला प्रश्न पडला असेल, की हे सगळे आंधळे-पांगळे त्या तळ्याच्या काठी कशाला पडून राहिलेत? मूळ लिखाणात तर सांगितलेलं नाही. मग लोक काय बोलत होते ते त्यानं समासात लिहून ठेवलं. पुढच्या लेखनिकाला वाटलं, हे आत लिहायचं राहून गेलेलं दिसतंय. त्यानं ते आत घेतलं. तेव्हापासून ते देवाच्या वचनात बसलं ते बसलंच.

"कोण होता तो?" रेगीनेनं विचारलं.

"लेखनिक? ते कुणाला माहीत असणार, सिस्टर! नाव नाही, गाव नाही."

"म्हणजे ते देवानं सांगितलेलं नव्हे."

"एका माणसाचा खुलासा म्हणा."

"खुलासा," रेगीने म्हणाली. तिनं पुस्तक मिटलं, खुर्ची मागे सारली आणि उठली.

"अहो, कॉफी यायचीय अजून!" आमाली म्हणाली.

"टोप्यांना इस्त्री करायचीय," असं म्हणून ती बाहेर पडली. कॉफी टाकून रेगीने उठून गेली असं आजवर कधी झालं नव्हतं. सगळ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

धुण्याच्या खोलीत कांजीचा वास कोंदला होता. रेगीनेनं इस्त्री तापत ठेवली आणि आमालीची टोपी फळीवर पसरली. पांढऱ्या टोपीची कड अशी ताठ उभी राहिली पाहिजे की वाऱ्यानंही वाकता कामा नये. हे काम ती तरुणपणापासून करत आली होती आणि तिच्याइतकं ते कुणाला जमत नव्हतं. आज मात्र तिनं कापडावर हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि इस्त्री काही उचलली नाही.

चोवीस वर्षांपूर्वी ती दोन दऱ्या पलीकडच्या बालगृहात होती. पांगळ्या मुलींची खोली तिच्याकडे. नऊ खाटा, नऊ मुली. कुणाला चालता येत नव्हतं, कुणाला बोलता येत नव्हतं, कुणाला यातलं काहीच नाही. सगळ्यांत हुशार होती लीनेले. अकरा वर्षांची, कमरेखाली निर्जीव, आणि वर नुसती जीभ. अख्ख्या खोलीच्या वतीनं एकटी बोलायची. संध्याकाळी दूधपाव झाला की रेगीने त्यांना तळ्याची गोष्ट सांगायची, कारण त्या खोलीला दुसरी कुठली गोष्ट चालतच नसे. नोहाची नौका सांगायला घेतली की लीनेले म्हणायची, "बुडणाऱ्यांची नको, बरं होणाऱ्यांची सांगा."

आणि दर वेळी तिची तीच हरकत. "पण सिस्टर, पहिलं जो उतरेल तोच बरा होतो ना? मग मी कशी उतरू? मला तर पायच नाहीत."

"मी उचलून टाकीन की तुला."

"आणि ह्या आठजणी?"

"त्यांना पुढच्या वेळी. देवदूत काय एकदाच येतो होय?"

"मग मला शेवटी टाका. ह्यांना बोलता येत नाही, ह्यांना राग आला तरी कळणार नाही कुणाला."

अशी पोर होती.

एकोणीसशे चाळीस सालच्या ऑक्टोबरात, युद्ध चालू असताना, यादी आली. सरकारी कागद, खाली शिक्का. मुलांना दुसऱ्या संस्थेत हलवायचं आहे, कपडे बांधून ठेवा, पाठीवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. कुठल्या संस्थेत, ते लिहिलं नव्हतं. पण गावात कुजबूज होतीच. दूधवालीच्या भावाला उन्हाळ्यात असंच दुसऱ्या ठिकाणाहून हलवलं होतं. तीन आठवड्यांनी पत्र आलं की अपेंडिक्स फुटून वारला, राख पाठवतोय. त्याचं अपेंडिक्स दहा वर्षांपूर्वीच काढलेलं होतं. दूधवालीनं हे रेगीनेला कोठीच्या दारात सांगितलं होतं, आणि सांगताना दुधाचं माप तसंच हातात धरून उभी राहिली होती.

बस आली ती करड्या रंगाची, काचांना रंग फासलेली. पांढऱ्या डगल्यातले दोन पुरुष वर आले. आठजणींना त्यांनी उचललं आणि नेलं. त्यांना काही कळलं नाही, किंवा कळलं असलं तरी सांगता आलं नाही. लीनेलेला कळलं. तिनं खाटेची लोखंडी पट्टी दोन्ही हातांनी धरली आणि किंचाळायला लागली. पायात जीव नसलेल्या पोरीच्या हातात किती ताकद असते ते त्या दिवशी रेगीनेनं बघितलं. दोघा पुरुषांना ती सुटेना. त्यातला एक म्हणाला, "सिस्टर, तुम्ही सांगा तिला. नाहीतर आम्हाला बोटं मोडावी लागतील."

तेव्हा रेगीने खाटेवर वाकली आणि तिच्या कानात म्हणाली, "लीनेले, तळ्यावर न्यायला आलेत. आज देवदूत येणारेय."

लीनेलेनं तिच्याकडे बघितलं. मग तिनं पट्टी सोडली.

एवढंच. पुढे काय झालं ते सगळ्या देशाला कळलं, पण कळायला युद्ध संपावं लागलं. बस जिथे गेली त्या डोंगरावरच्या गढीत न्हाणीघराची पाटी लावलेली खोली होती, आणि तिच्यात पाणी नव्हतं, विषारी वायू होता.

चोवीस वर्षं रेगीने त्यावर जगली होती. जगली म्हणजे कशी, तर रोज झोपण्याआधी ती चौथं वचन म्हणायची. मी खोटं बोलले नाही, ती स्वतःला सांगायची. मी पुस्तकात आहे तेच बोलले. देवदूत उतरतो असं देवानं लिहून ठेवलंय, मग तो उतरला की नाही याचा जाब देवाला विचारा, मला काय विचारता? शब्द त्याचा होता. मी नुसती पोचवणारी. याच आधारावर ती पंचवीस-तीस हजार जेवणं जेवली होती, टोप्या ताठ केल्या होत्या, मेलेल्या सिस्टरांना आंघोळी घातल्या होत्या. आणि आज, ऊन अंगावर घेत, गोड पावाचा वास येत असताना, एका कोवळ्या पोरानं सांगितलं की ते देवाचं नव्हतंच.

दार वाजलं. पाळक ब्रेनर आत आले, एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात बशी. बशीत वेणीच्या गोड पावाचा तुकडा.

"आमाली सिस्टरनी पाठवलंय. म्हणाल्या, मनुका जास्त आहेत तो तुकडा आहे."

"ठेवा तिथे."

त्यांनी ठेवलं. गेले नाहीत. "सिस्टर, मी तुम्हाला दुखावलं. मला सांगायला हवं होतं, पण जरा बेतानं सांगायला हवं होतं."

"बेतानं सांगून काय होणार होतं? नाही ते नाही."

"तसं नाही हो. ऐका माझं." त्यांनी बादली उलटी करून तिच्यावर बैठक मारली. पोर मनानं चांगलं होतं, त्यात वाद नाही. "आमच्याकडे यावर किती भांडणं झाली! वर्षानुवर्षं. काही म्हणतात, जे घडलं तेवढंच खरं, बाकीचं खोडा. काही म्हणतात, एक शब्द काढलात तर सगळं घर कोसळेल. मला दोन्ही पटत नाही. वचन किती जुनं, कुणी लिहिलं, देवदूत खरोखर उतरला का, हे इतिहासाचं झालं. त्याचा शोध घ्यावा, प्रामाणिकपणे घ्यावा. पण श्रद्धेचं खरेपण तिथे नसतं. एखादं वचन ऐकल्यावर ऐकणाऱ्याच्या आत काय घडतं, तो कसा बदलतो, तिथे देव बोलतो. कातड्याच्या प्रतींवरच्या शाईत नाही."

"ऐकणाऱ्याच्या आत."

"हो."

"म्हणजे ऐकणाऱ्यानं विश्वास ठेवला की ते खरं झालं."

"त्या क्षणापुरतं, त्याच्यासाठी, हो. मी तर म्हणेन तेवढंच खरं असतं."

"मग तुम्हाला एक सांगते," रेगीने म्हणाली, आणि सांगितलं. इस्त्रीच्या फळीकडे बघत, एकही शब्द न रंगवता, रोजच्या कामाचा अहवाल द्यावा तसं. यादी, बस, पट्टी, कानात काय बोलली ते. "ऐकलं तिनं. तिच्या आत घडलं. मी डोळ्यांनी बघितलं ना घडताना! तोंड असं उजळलं पोरीचं. आणि तिनं हात सोडले. आता सांगा, देव बोलला का तिथे?"

 कॉफीवर साय धरली.

"तुम्हाला माहीत नव्हतं, सिस्टर," पाळक ब्रेनर अखेर म्हणाले. "कुणालाच नक्की माहीत नव्हतं."

"ती सबब मला देऊ नका. ती सगळ्यांनी एकमेकांना देऊन झालीय. मला माहीत होतं. दूधवालीनं सांगितलं होतं."

"मग दुसरं काय करता आलं असतं? त्यांनी बोटं मोडली असती."

"मोडली असती. पण मग ती मला धरून ओरडली असती. तिला कळलं असतं की निदान मी तरी तिच्या बाजूनं ओरडतेय. मी काय केलं? त्यांचं काम सोपं केलं. आणि वर देवाचं नाव घातलं." तिचा आवाज फुटला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा फुटला. "आजपर्यंत वाटायचं, निदान नाव तरी त्याचं होतं. आता तुम्ही म्हणता तेही नव्हतं. कुणीतरी मधेच लिहून टाकलेलं. माझ्यासारखंच. बघवलं नाही, म्हणून एक देवदूत ठेवून दिला."

त्यांनी खिशातून लहान शुभवर्तमान काढलं, उघडलं, पुन्हा मिटलं.

"उघडा की," रेगीने म्हणाली. "मला नीट सांगा, काय काय राहिलं. तळं राहिलं?"

"राहिलं. जेरुसलेममध्ये खणताना सापडलंय म्हणतात."

"काठावरचे आजारी?"

"राहिले."

"तो अडतीस वर्षं पडलेला माणूस?"

"राहिला. सगळ्या प्रतींत आहे."

"आणि तो म्हणतो ते? मला पाण्यात टाकायला कोणी माणूस नाही म्हणतो ते?"

"तेही सगळ्या प्रतींत आहे."

"म्हणजे देवदूत तेवढा नाही. बाकी सगळं आहे."

"पण सिस्टर, त्यापुढेही आहे ना!" ते बादलीवरून पुढे सरकले. आता त्यांचं शिक्षण बोलत नव्हतं, ते स्वतः विनवत होते. "येशू येतो. त्याला पाणी लागत नाही, देवदूत लागत नाही. तो म्हणतो ऊठ, आणि माणूस उठतो. हे कुणी मागून घातलेलं नाही."

"एक माणूस उठतो."

"हो."

"तिथे किती पडले होते?"

त्यांनी खाली बघितलं. "पुष्कळ. मोठा समुदाय, असं लिहिलंय."

"त्यांचं काय झालं?"

"ते लिहिलेलं नाही."

"नाही ना? मीही इतकी वर्षं विचारलं नव्हतं. देवदूत होता ना तिथे, मला वाटायचं, येईल पाळी एकेकाची." तिनं डोळे पुसले, टोपीच्या बंदानंच पुसले, आणि कांजी दिलेला बंद मऊ पडला. "माझ्या नऊ होत्या, पाळकसाहेब. एक जरी उठायची होती तर ती कुठली? मी विचारतेय तुम्हाला. तुम्ही निवडा."

"मला नावं सांगा त्यांची," पाळक ब्रेनर हलकेच म्हणाले. निवडणं त्यांच्या हातात नव्हतं. नावं ऐकून घेणं तेवढं होतं.

रेगीने भिंतीकडे वळली, जणू तिथे खाटा मांडल्या आहेत. तिनं बोट दाखवायला सुरुवात केली. "खिडकीजवळ लीनेले. तिच्या शेजारी डोरले, ती सारखी डोकं हलवायची. मग मारीआ आणि मार्टा, जुळ्या. शेगडीजवळ हेडविग. तिला झटके यायचे. पलीकडे काटरीने. कोपऱ्यात उर्सेले, तिला फक्त मीच भरवलेलं चालायचं. दारापाशी आन्ना बार्बारा. आठ झाल्या ना?"

"आठ."

"आणि नववी."

तिचं बोट दाराच्या दुसऱ्या बाजूला थांबलं. दार आणि कपाट यांच्यामध्ये ती खाट होती. राखी कांबळं, उशीचा अभ्रा मागे शिवलेला. त्या पोरीला केस फार दाट होते, विंचरायला पाव तास लागायचा. कधी रडली नाही, कधी हसली नाही. सहा वर्षं ती तिथे होती. रेगीनेनं तिला सहा वर्षं रोज कुशीवर वळवलं होतं, पुसलं होतं, तिच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर स्वतःच्या हातानं नाव लिहिलं होतं.

"नववी," ती पुन्हा म्हणाली.

खाली जेवणघरात घंटा झाली. कॉफी संपून वाचन पुन्हा सुरू करायची घंटा. आमालीनं जिन्यातून हाक मारली, "पाळकसाहेब! आम्ही बसलोय हो!"

"तुम्ही जा," रेगीने म्हणाली. "त्या खोळंबल्यात."

ते उठले नाहीत.

"चौथं वचन मला अक्षर न् अक्षर येतं, आणि हिचं नाव..." ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "थांबा. आठवेल. थांबा हं."

"थांबलोय, सिस्टर."

तिनं डोळे घट्ट मिटले, हात वर केला, आणि खिडकीपासून पुन्हा सुरुवात केली.